पालथा पेला

सोमवार हा आम्हां धर्मगुरूंचा सुटीचा दिवस. रविवारच्या मिस्सा, धर्मशिक्षणाचे वर्ग, आजाऱ्यांच्या भेटी आणि वर्गणीचे हिशेब आटोपले की सोमवारी दुपारी कोणी वाचतो, कोणी झोपतो, कोणी आईला भेटायला गावी जातो. आम्ही महिन्यातील तिसऱ्या सोमवारी भोरला जात असू. कशासाठी जात असू, हे आमच्या धर्मग्रामात फार थोड्यांना ठाऊक होते. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी आज लिहीत आहोत, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांच्यासाठी थोडे अधिक.

आम्ही बिअर पिण्यासाठी जात असू. साधी नव्हे, कडक बिअर. बेल्जियमच्या मठांत मुरलेली, आठ-दहा-अकरा टक्के मद्यार्काची, काळसर किंवा सोनेरी रंगाची. चौघे मिळून एक बाटली उघडायची, मग दुसरी, आणि दोहोंची तुलना करीत संध्याकाळ घालवायची. वाचकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. नसरापूरला एकेकाळी पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनच्या मिशनऱ्यांचे ठाणे होते. त्या परंपरेतले आमचे प्रॉटेस्टंट बंधू तर आम्हां कॅथलिकांच्या या सैलपणाविषयी आजही मान हलवतात. त्यांची ती मान हलवणे निष्कारण नाही, हे पुढे येईलच.

भोरमधील एक डॉक्टर आमचे यजमान. भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या कडेला त्यांचे लहानसे कौलारू घर आहे. इंग्रजी अमदानीत १९२७-२८ च्या सुमारास पुरे झालेले हे धरण वेळवंडी नदीवर बांधलेले. पावसाळा सरला की पाणी ओसरीच्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर येते, आणि हवा धुतल्यासारखी असली तर उत्तरेला राजगडाचा बालेकिल्ला दिसतो. भाताची खाचरे पिवळी पडलेली असतात, आणि आंबेमोहोराचा वास वाऱ्याबरोबर ओसरीपर्यंत येतो. डॉक्टर म्हणत, नाक तयार करायचे असेल तर याहून चांगली शाळा नाही. दुसरे सोबती रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, आम्हीही म्हणतो. तिसरे आमचे सेमिनरीतील सहाध्यायी, जे वेल्ह्याच्या बाजूच्या वाड्यांवर मिशनचे काम पाहत. (२०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचे ठरवले. आमच्या जिभेवरून वेल्हे अजून उतरत नाही.) चौथे आम्ही.

हा नाद लागला २०१२ मध्ये. त्याआधी २००९ साली पुण्यात डुलाली नावाची ताजी बिअर गाळणारी छोटी भट्टी सुरू झाली होती. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून डोके फिरलेल्या गोऱ्या शिपायांवरून इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तोच त्यांनी नावाला घेतला. नाशिक जिल्ह्यातले आमचे देवळाली इंग्रजी शब्दकोशात वेडाचा पर्याय होऊन बसले आहे, ही गोष्ट आम्हांला नेहमीच मौजेची वाटत आली आहे. डॉक्टरांच्या कन्येने त्यांना तिथे नेले. पुढे ती शिक्षणासाठी बेल्जियमला, लूव्हेनला गेली आणि पहिल्याच सुटीत वडिलांसाठी सहा बाटल्या घेऊन आली. सहाच का? तर परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य करमाफ आणता येते, आणि तीनशे तीस मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे एक लिटर नऊशे ऐंशी. हा हिशेब सरांनी पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर मांडून ठेवला.

ती शंभर पानी वही हे आमच्या बैठकीचे खरे वैभव होते. बाटलीचे नाव, मठ, टक्केवारी, रंग, फेस किती वेळ टिकला, वास, पहिला घोट, शेवटचा घोट. इंग्रजी पुस्तकांत या बिअरींच्या वर्णनाला अंजीर, टॉफी आणि कसली कसली बेरीची फळे येतात, जी आमच्यापैकी कोणी कधी चाखली नव्हती. म्हणून आम्ही आपली भाषा काढली. शिमेची निळी बाटली, नऊ टक्के: 'खारकेचे पाणी, मागून मिऱ्याचा चटका'. रॉशफोर दहा, अकरा पूर्णांक तीन टक्के: 'काकवीच्या कढईची खरवड, भिजवलेल्या काळ्या मनुका, भाजलेली नाचणी'. वेस्टमाल ट्रिपल, साडेनऊ टक्के, सोनेरी: 'पिकल्या वेलची केळ्याची साल, लवंग, शेवटी कडवटपणा, पण कारल्याचा नव्हे, मेथीच्या भाजीचा'. ऑर्व्हाल सहा पूर्णांक दोनच टक्के, पण तिच्यावर सर्वांत जास्त वाद झाले. डॉक्टर म्हणत, तिला गोठ्याचा वास येतो. सर म्हणत, तो रानटी यीस्टचा गुण आहे, दोष नव्हे. आमचे सहाध्यायी म्हणत, गोठ्यातच आपला तारणारा जन्मला, तेव्हा तक्रार कशाला?

सरांनी आम्हांला बिअरचे शास्त्र शिकवले. सातूला मोड आणायचे, मग ते वाळवून भाजायचे. भाजणी जितकी गडद तितका रंग काळा. ते भरडून पासष्ट अंशांच्या आसपास गरम पाण्यात ठेवले की धान्यातल्या पिठुळाची साखर होते. तो गोड रस हॉप्सच्या फुलांसह उकळायचा, निववायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क आणि वायू सोडते. बिअर कडक करायची तर रसात साखर अधिक हवी, म्हणजे तेवढ्याच पाण्यात धान्य अधिक घालायला हवे. बेल्जियन मठवासी शिवाय वरून साखर घालतात. ती सगळी मद्यार्कात जाते, त्यामुळे बिअर कडक असूनही जिभेवर जड होत नाही. सर म्हणत, "फादर, खरी कसोटी इथेच आहे. दहा टक्के करणे सोपे. दहा टक्के आहे हे तोंडाला कळू न देणे अवघड." हे वाक्य त्यांनी कौतुकाने म्हटले होते, आणि आम्हीही ते कौतुकानेच वहीत उतरवून घेतले.

आपल्या बाजारातील 'स्ट्राँग'शी याची तुलना होणे अपरिहार्य होते. आपल्या देशात विकली जाणारी बहुतांश बिअर कडकच असते, आणि ती चवीसाठी घेतली जात नाही. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क, बर्फासारखी थंड, म्हणजे चव कळूच नये अशी, आणि अर्ध्या तासात संपवायची. मठातली बिअर दहा-बारा अंशांवर, रुंद तोंडाच्या पेल्यात, तळाचा गाळ न ढवळता ओतायची असते. सरांनी आकडे मांडले होते: आठ टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत शुद्ध मद्यार्क बावन्न मिलिलिटर, रॉशफोरच्या छोट्या बाटलीत सदतीस, आणि ती चौघांत वाटली तर प्रत्येकी नऊ. या नवाच्या आकड्याचे आम्हांला मोठे समाधान होते.

धर्माचा आधार तर आम्ही पदोपदी शोधत होतो. रोमन रिच्युअल या प्रार्थनाविधीच्या ग्रंथात बिअरवर म्हणावयाचा आशीर्वाद आहे, आणि आम्ही तो लॅटिनमधून म्हणत असू. आमच्या पिढीला सेमिनरीत मिळालेले लॅटिन आणखी कुठे वापरणार? संत बेनेदिक्त यांच्या नियमावलीचा चाळिसावा अध्याय आम्हां दोघांना जवळजवळ पाठ होता. दुसऱ्याच्या खाण्यापिण्याचे माप आपण ठरवावे, याचा संतांना तिथे संकोच वाटतो. तरी अशक्तांचा विचार करून दिवसाला एक हेमिना, म्हणजे एक बेताचे माप, द्राक्षारस पुरे असे ते सांगतात. ज्यांना देवाने वर्ज्य करण्याचे बळ दिले आहे त्यांना वेगळे पारितोषिक आहे, हेही त्याच अध्यायात आहे. त्या ओळीवर आम्ही थांबत नसू.

एक गोष्ट मात्र आमच्या सहाध्यायांनीच शोधून काढली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शिमेची बिअर ज्या स्कूरमों मठात १८६२ पासून तयार होते, त्याच मठातील एक संन्यासी, फ्रान्सिस माहिऊ, १९५५ साली भारतात आले. १९५८ साली बीड ग्रिफिथ्स यांच्यासह त्यांनी केरळात वागमोणच्या डोंगरावर कुरिशुमला आश्रम स्थापन केला, काषाय वस्त्रे धारण केली आणि ते फ्रान्सिस आचार्य झाले. सिस्टर्शियन मठवासीयांनी आपल्या हातांच्या श्रमावर जगावे असा दंडक. बेल्जियममध्ये त्या श्रमातून बिअर झाली. कुरिशुमलाला त्यांनी गाई पाळल्या आणि दूध विकले. आमचे सहाध्यायी ही हकिकत सांगून म्हणाले होते, "बघ, त्यांना भट्टीची विद्या घरचीच होती. पण या देशात येऊन गरिबांच्या दारी काय न्यायचे, हे त्यांना कळले." त्यांच्या पेल्यात तेव्हा शिमेच होती. आम्ही हसलो. त्या वाक्यात कोणी काही मागत होते काय, असे आता वाटते.

आमचे सहाध्यायी एकटे राहत. वाड्या दूरदूर, ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी, पावसात चार महिने तोरण्याच्या पायथ्याचे ढग घरात शिरतात. सायंप्रार्थना आटोपल्यावर बोलायला माणूस नाही. आमच्या धर्मग्रामाच्या घरी निदान दोन धर्मगुरू आणि एक आचारी आहे. महिन्याची ती बैठक हा त्यांच्या दृष्टीने नुसता छंद नव्हता. ते लवकर येऊ लागले. डॉक्टर दवाखान्यातून येण्याआधीच त्यांची मोटारसायकल अंगणात उभी असे. २०१७ च्या वहीत आमच्याच हस्ताक्षरात दोनदा नोंद आहे: 'बाटली एक कमी, मोजण्यात चूक'. मोजण्यात सरांची चूक होत नसते, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या नोंदी आखूड होत गेल्या. खारीक, काकवी, मेथी हे शब्द गेले आणि 'चांगली' एवढाच शब्द उरला. पुढे तोही गेला. पेला सर्वांच्या आधी रिकामा होई आणि हात बाटलीकडे जाई. नऊ मिलिलिटरचा हिशेब तीन जणांपुरताच खरा होता.

आम्ही बोललो नाही. आळस म्हणावा तर तो नव्हता. बोललो असतो तर बैठक बंद झाली असती. आम्हांला ती हवी होती, आणि कबुलीजबाबाच्या खुर्चीत रोज इतरांच्या तोंडून अशाच सबबी ऐकणाऱ्या आमच्यासारख्याला आपली सबब ओळखू आली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. ओळखू आली होती.

२०१८ च्या आगमनकाळात सहाध्यायांना ताप आला म्हणून एका वाडीवरची मिस्सा आम्ही घेतली. मिस्सा झाल्यावर एक बाई थांबून राहिली. तिचा नवरा हातभट्टीपायी जमीन गहाण टाकून बसला होता. आमच्या सहाध्यायांनीच त्याला क्रुसावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती, आणि दोनदा ती मोडली होती. त्याच खोऱ्यात बायकांनी मतदान करून बाटली आडवी करण्याची भाषा चालली होती, आणि ही बाई त्या खटपटीत पुढे होती. ती पदर सावरून म्हणाली, "फादर, राग धरू नका. आमच्या मालकाला त्यांनी शपथ घातली. आन् सकाळच्या मिस्साला त्यांच्या तोंडाला येतुया त्यो वास कशाचा हाय? आमाला वास वळखू येतो. पंधरा वरीस तेच तर केलंय."

आम्ही नाकाचा एवढा अभ्यास केलेला माणूस. त्या बाईला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री आम्ही परत गेलो नाही. सहाध्यायांच्या खोलीवर गेलो. कपाटात मठाची एकही बाटली नव्हती. होत्या त्या चेलाडी फाट्यावर मिळणाऱ्या साध्या क्वार्टरच्या, रिकाम्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "तुला उशीर झाला रे." रागाने नाही म्हणाले. पुढची एक-दोन वाक्ये झाली, ती आमच्याजवळच राहू द्यावीत.

बिशप महोदयांना सांगितले, तेव्हा सहाध्यायी आमच्या शेजारी बसले होते. त्यांची तशी अटच होती. पुढे पुण्यात उपचार झाले. पुण्यात व्यसनमुक्तीच्या कार्याची वाट डॉक्टर अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगणच्या रूपाने घालून दिली. दारू हा नीतीचा प्रश्न होण्याआधी आजार आहे, हे महाराष्ट्राला समजावण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. आम्ही प्रवचनांतून वर्षानुवर्षे उलट क्रमाने सांगत आलो होतो. उपचारांच्या काळात सहाध्यायांना भेटायला गेलो की ते मॅट टॅलबटविषयी बोलत. डब्लिनचा हा हमाल अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत पीत राहिला, मग सोडली आणि १९२५ साली मिस्साला जात असताना रस्त्यात कोसळून देवाघरी गेला. चर्चने त्याला पूज्य म्हणून घोषित केले आहे. "अजून संत नाही झाला," सहाध्यायी म्हणत, "म्हणजे आपल्याला वेळ आहे."

बैठकीचे काय करायचे, यावर आम्हां उरलेल्या तिघांत मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. सरांनी बिअर सोडली. त्यांनी कोणाला उपदेश केला नाही. वही डॉक्टरांच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले की वाक्य माझे होते, कडकपणा कळू न देण्याचे. डॉक्टरांचे मत वेगळे. त्यांच्या मते एकाला मधुमेह झाला म्हणून गावाने गूळ करणे थांबवू नये, आणि आजाराचे कारण एकटेपणात होते, शिमेत नव्हते. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसेल. पण संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात, आपल्या खाण्यापिण्याने बंधू अडखळत असेल तर काय करावे, हे इतके स्वच्छ लिहिले आहे की त्यावर प्रवचन करतानाही आम्ही खाली पाहतो. डॉक्टर त्यावर तीमथ्याच्या पोटासाठी सांगितलेला थोडा द्राक्षारस पुढे करतात. हा वाद आम्ही चहावर घालतो.

आम्ही सोडली काय? पूर्णतः नाही, हे सांगितले पाहिजे. डॉक्टरांची कन्या गेल्या नाताळात आली तेव्हा आम्ही रॉशफोरचा अर्धा पेला घेतला, आणि काकवीची खरवड तशीच होती. चव खोटी ठरली असती तर बरे झाले असते, असे वाटून गेले. मठवासी आजही ती तितक्याच निगुतीने करतात, आणि त्या निगुतीत प्रार्थना आहे असे आम्ही अद्याप मानतो. तिसरा सोमवार मात्र आता बदलला. त्या दिवशी आम्ही वेल्ह्याला जातो. सहाध्यायी परत तिथेच रुजू झाले आहेत, पण एकटे नाहीत. एक तरुण धर्मगुरू सोबतीला आहे. ती बाई कधी नाचणीची आंबील पाठवते, रात्रभर आंबवलेली, ताक आणि लसूण घातलेली. तिच्या नवऱ्याविषयी विचारले तर ती हाताने 'बरं-वाईट' अशी खूण करते. भाटघरच्या घरी फळीवर चार पेले आहेत, त्यांतला एक पालथा. तो कोणी घातला, हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि धूळ पुसताना तो तसाच परत ठेवतात.

मद्याच्या थेंबानेही ज्यांना धोका आहे अशा धर्मगुरूंना मिस्सामध्ये द्राक्षारसाऐवजी मुस्टम वापरण्याची मुभा आहे. रोमहून १९९५ आणि २००३ साली आलेल्या पत्रांत त्याचे नियम दिले आहेत. मुस्टम म्हणजे द्राक्षांचा शुद्ध रस, ज्याचे आंबणे थांबवून धरलेले असते, बहुधा गोठवून. बिशपांची परवानगी लागते, ती मिळाली आहे. परंतु वेल्ह्याला वीज जाते. पावसाळ्यात दोन-दोन दिवस जाते, फ्रीजमधला बर्फ वितळतो, आणि रस पुन्हा आंबू लागण्याचा संभव असतो. म्हणून आम्ही तिथे असलो की मिस्साआधी सहाध्यायी सॅक्रिस्टीत ती छोटी बाटली आमच्या हाती देतात आणि पाठ करून झगा घालू लागतात. आम्ही झाकण उघडून वास घेतो. ताज्या द्राक्षांचा, किंचित सालीचा, बाकी काही नाही. मागच्या श्रावणात एकदा तळाशी यीस्टची पुसटशी चाहूल लागली, भाकरीच्या शिळ्या पिठासारखी. आम्ही ती बाटली मोरीत ओतली आणि पुण्याहून दुसरी येईपर्यंत मिस्सा एकट्याने घेतली. सहाध्यायी पहिल्या बाकावर त्या बाईच्या मुलांशेजारी बसून होते.